दुबईतली आपली माणसं आणि त्यांचा नेहमीचा दिवस

खानापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं आहे: 'आम्ही दोघं जानेवारीत दहा दिवस दुबईला जातोय. टूरवाल्यांच्या बसमधून फिरायचं नाही. बायकोची मावसबहीण शारजात राहते, मुलाचा वर्गमित्र दुबईत इंजिनिअर आहे, आणि माझा नंदगडचा एक जुना विद्यार्थी तिथं बांधकामावर आहे. या तिघांच्या मदतीनं शहर नीट बघता येईल का? आणि त्यांना आमचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं?'

सर, नमस्कार. बघता येईल, आणि बसमधून दिसतं त्यापेक्षा पुष्कळ चांगलं बघता येईल. फक्त दहाच्या दहा दिवस त्या तिघांच्या अंगावर टाकू नका. जे बघायला तिकीट लागतं ते तुम्ही दोघंच बघा. त्या तिघांकडं त्यांचा एकेक नेहमीचा दिवस मागा. मी या गोष्टीच्या दोन्ही बाजूंना राहिले आहे, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते. १९९९ ते २०१६ मी दुबईच्या देरा भागातल्या एका मालवाहतुकीच्या ऑफिसात हिशेब बघत होते. बेळगावच्या टिळकवाडीत परत आल्यापासून आपल्याकडच्या वयस्क जोडप्यांना तिकडं घेऊन जाते.

त्या सतरा वर्षांत आमच्या दोन खोल्यांत बेळगाव, निपाणी, चंदगड, खानापूर, कुठकुठून पाहुणे आले. घरात आपली बोली ऐकू यायची म्हणून जीव सुखावायचा. पण पाहुणे म्हणायचे, 'वैनी, तुम्ही न्याल तिकडं येतो की, आमचं काय नाही.' हे ऐकलं की मला झोप लागायची नाही. सगळं ठरवायचं माझ्यावर यायचं आणि मग मी सगळ्यांना एकाच रस्त्यानं न्यायची: मोठा मॉल, बुर्ज खलिफा, सोन्याचा बाजार, वाळवंटातली संध्याकाळ. २०१० मध्ये बुर्ज खलिफा उघडलं, तेव्हापासून परत येईपर्यंत मी ते अकरा वेळा पाहिलं. मी ज्या बोळात रोज भाजी घ्यायची, ज्या नावेतून खाडी ओलांडून कामाला जायची, ते मात्र बरीच वर्षं एकालाही दाखवलं नाही. ते दाखवण्यासारखं आहे असं मलाच वाटत नव्हतं.

पहिल्यांदा मागितलं ते कडोलीच्या एका आजोबांनी. 'तू रोज काय करतीस ते बघायचं हाय मला,' म्हणाले. सकाळी सातला ते माझ्याबरोबर निघाले. बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रात बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी, मधे पाठीला पाठ लावून बसायचा बाक आणि भाडं एक दिरहम. मी कामाला लागले त्या वर्षांत मात्र भाडं त्याहूनही कमी होतं. देराच्या बाजूला उतरल्यावर धक्क्यावर मालाच्या राशी उघड्यावर पडलेल्या असतात. फ्रिज, टायर, चहाची खोकी, गाद्या, सगळं इराण नाहीतर सोमालियाकडं जाणाऱ्या गलबतांत चढायचं असतं. आजोबा तिथं तीन तास उभे होते. कुठला माल कुठं जातो, हमालीचा दर काय, पावसात कसं करतात, एका गुजराती मुकादमाला त्यांनी सगळं विचारलं. दुबईला तेल १९६६ मध्ये सापडलं, पण त्याआधीच, १९६०-६१ च्या सुमारास, दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी कर्ज काढून ही खाडी खोल करून घेतली होती. शहर व्यापारावर उभं राहिलं, तेल नंतर आलं, हे मला पुस्तकातून कळलं होतं. आजोबांना ते त्या धक्क्यावर उभ्या उभ्या कळलं. त्यांच्या तरुणपणी तिथं आपला रुपयाच चालायचा, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. १९५९ पासून आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापायची. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ते चलन तिथून गेलं. दिरहम आला तो १९७३ मध्ये.

त्या दिवसानंतर मी पाहुण्यांना वेगळं विचारायला लागले आणि आता नेते त्या लोकांनाही हेच शिकवते: समोरच्याचा रोजचा दिवस बघायला मागा.

आता तुमच्या तिघांकडं येऊ. परदेशातल्या प्रत्येकाचं शहर वेगळं असतं. इंजिनिअरला मोठे रस्ते, साइट आणि मॉल माहीत. शारजात घर करून असलेल्या बाईला शाळा, दवाखाने, भाजी कुठं चांगली आणि कुठल्या इमारतीत कोण राहतं हे माहीत. बांधकामावरच्या मुलाला बसचे नंबर, स्वस्त चहा, पैसे पाठवायच्या दुकानातली रांग आणि सुट्टीच्या दिवशी कुठं बसायला मिळतं हे माहीत. दुबईत दहातले साधारण नऊ जण बाहेरून आलेले आहेत. म्हणजे ही तीन माणसं तुम्हाला तीन दुबई दाखवणार. एकालाच सगळं दाखवायला लावलं तर तीनही हुकतात.

सगळ्यात नाजूक प्रश्न मावसबहिणीचा आहे, तो आधी सोडवा. त्यांनी 'आमच्याकडंच उतरा' म्हटलं असणार. पण शारजात मेट्रो नाही. सकाळी शारजाहून दुबईकडं आणि संध्याकाळी दुबईहून शारजाकडं गाड्यांची जी रांग लागते, ती बघितल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराला दीड-दोन तास सहज जातात. तुम्ही त्यांच्याकडं राहिलात तर रोज दोन वेळा त्या रांगेत बसाल. नाहीतर मेहुणे कामावरून दमून आल्यावर परत गाडी काढतील. एकदा पाहुण्यांना विमानाला पोहोचवताना मी स्वतः त्या रांगेत अडकले आणि त्यांचं विमान चुकलं. त्या पाहुण्या माऊलीचा रडवेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून पहिले सात दिवस बर दुबई, करामा किंवा देरामध्ये मेट्रोजवळच्या साध्या हॉटेलात राहा आणि शेवटचे तीन दिवस शारजाला. बहिणीला वाईट वाटेल याची काळजी आहे ना? मग 'तुम्हाला त्रास नको' असं म्हणू नका, त्यानंच वाईट वाटतं. काकूंनी असं सांगावं: 'आधी पायाला भिंगरी लावून फिरून घेतो, मग तुझ्याकडं निवांत राहायला येतो, फिरायचं काही नाही, नुसतं बोलत बसायचं.' हे खरंही आहे. त्यात शनिवार-रविवार येईल असं बघा. २०२२ च्या जानेवारीपासून तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली आहे, पण पुष्कळ खासगी कंपन्यांत शनिवारी काम असतं. तेव्हा गृहीत धरू नका, विचारा. आणखी एक, विमानतळावर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग किंवा नातेवाइकांचा पत्ता विचारतात. ते कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

बांधकामावरच्या मुलाकडं मात्र राहण्याचा विषयही काढू नका. अशी मुलं कंपनीच्या कॅम्पात किंवा 'बेड स्पेस'मध्ये राहतात. म्हणजे एका खोलीत अनेक पलंग आणि त्यातला एक आपला. पाहुणा आणायची परवानगी नसते. तुम्ही विचारलंत तर त्याला नाही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही त्याचे सर आहात.

पहिले दोन दिवस कुणालाच बोलावू नका. हा माझा हट्ट असतो. मेट्रो शिका. नोल कार्ड, म्हणजे मेट्रोच्या भाड्याचं कार्ड, घ्या. साध्या कार्डावर अंतराप्रमाणे ३ ते साडेसात दिरहम कापले जातात. डब्यात खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, १०० दिरहम दंड आहे. बायका-मुलांसाठी राखीव भाग असतो, जमिनीवर गुलाबी पट्टी असते. काकू तिकडं चढल्या म्हणून तुम्ही मागोमाग चढलात तर तुम्हालाही दंड. हे एकदा अंगवळणी पडलं की तुम्ही कुणालाही 'तू कुठं आहेस तिथं आम्हीच येतो' असं म्हणू शकता. या एका वाक्यानं समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. गाडीनं न्यायला आलेल्या माणसाला सालिकचा टोल पडतो, आता गर्दीच्या वेळी एका नाक्याला ६ दिरहम, शिवाय पार्किंग. तो तुम्हाला ते कधीच सांगणार नाही.

पत्त्याची गंमत लक्षात ठेवा. जुनी माणसं 'करामा स्टेशनला उतरा' म्हणतात आणि पाटीवर असतं एडीसीबी, कारण तिथं स्टेशनांची नावं कंपन्यांना विकली जातात. अल फहिदी स्टेशनचंही तसंच झालं, पाटीवर शराफ डीजी. त्यापेक्षा मकानी नंबर विचारा. प्रत्येक इमारतीच्या दारावर दहा आकड्यांचा नंबर लावलेला असतो, तो टॅक्सीवाल्याला दिला की दारात सोडतो. आणि व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही. मेसेज जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो, पण कॉल तिथं बंद आहे. हे माहीत नसलं की माणसं 'उचलतच नाही' म्हणून रागावून बसतात. बेळगावात असतानाच जागा आणि वेळ लिहून ठरवा आणि ती पाळा.

इंजिनिअर मुलाकडं एकच गोष्ट मागा: 'तू काम केलेली एक जागा दाखव.' आत नेता आलं नाही तरी चालेल, बाहेरून. मला एकदा हिंदवाडीच्या अशाच एका मुलानं मेट्रोच्या एका खांबापाशी उभं करून तासभर समजावलं. तिथं थोडं खणलं की खारं पाणी लागतं, त्या पाण्यात पाया कसा उतरवायचा, मीठ लोखंडाला कसं खातं, उन्हाळ्यात काँक्रीट रात्रीच का ओतायचं. मेट्रो २००९ च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात मी त्यातून गेले होते, पण तो खांब मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडं उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे ऐकायला फार आवडतं. तुम्ही मास्तर, तुम्हालाही आवडेल. आणि त्या मुलाला इतकं कुणी कधी विचारलेलं नसतं.

बुर्ज खलिफा तुमचं तुम्ही बघा. ८२८ मीटर उंच आहे, तिकीट वेळेप्रमाणे असतं आणि सूर्यास्ताची वेळ सगळ्यात महाग. खालची कारंजी फुकट. एक संध्याकाळ पुरते.

जास्त वेळ अल फहिदीला द्या. मातकट भिंतींची जुनी वस्ती आहे आणि प्रत्येक घरावर वारा खाली ओढून घेणारा चौकोनी मनोरा. तिचं जुनं नाव बस्तकिया. इराणमधल्या बस्तक गावचे व्यापारी करांना कंटाळून इकडं आले आणि गावाचं नाव वस्तीला देऊन बसले. म्हणजे हेही परदेशी राहणारेच, फक्त शंभरेक वर्षांपूर्वीचे. तिथंच १९९८ मध्ये सुरू झालेलं शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्र आहे. तिथं अमिराती, म्हणजे मूळच्या तिथल्याच, माणसांबरोबर जमिनीवर बसून जेवता येतं आणि मनातलं काहीही विचारता येतं. आधी जागा राखून ठेवावी लागते. मी हे का सांगते, तर आपली माणसं कितीही चांगली असली तरी त्यांची बहुतेक ओळख आपल्यातच असते. मी स्वतः तिथं पाच वर्षं काढल्यावर पहिल्यांदा एका अमिराती बाईशी गप्पा मारल्या. म्हणून माझ्या लोकांना मी सांगते: एका आपल्या माणसामागं एका परक्या माणसाची ओळख करून घ्या. मावसबहिणीला म्हणा, तुझ्या मजल्यावरच्या मल्याळी शेजारणीकडं चहाला नेतेस का? इंजिनिअरला म्हणा, तुझ्या साइटवरचा फिलिपिनो फोरमन भेटेल का?

आपण सीमाभागातले. भाषेच्या बाबतीत इथं काय काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण तिकडं गेल्यावर हेच अंगावर आलेलं कन्नड हातात किल्लीसारखं येतं. दुबईत महाराष्ट्र मंडळ आहे आणि कन्नड संघही आहे. पुण्याच्या माणसाला एक दार आहे, आपल्याला दोन. उडुप्याच्या हॉटेलात जाऊन बसा आणि 'यावूर री?' एवढंच विचारा. 'गाव कुठलं हो?' हा प्रश्न आपल्या धारवाडी ढंगात ऐकला की कुंदापूरचा वाढपीसुद्धा हसतो, आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी अथणीचा, कुणीतरी बैलहोंगलचा बाहेर येतो. एकदा बसथांब्यावर गोकाकच्या एका क्रेनवाल्याशी मी असंच कन्नडमध्ये बोलले. तो म्हणाला, अक्का, सकाळी मी वर चढलो की खाडीच्या टोकाला गुलाबी पट्टा दिसतो, मला आधी वाटलं कुणीतरी कापड वाळत घातलंय. ते फ्लेमिंगो होते. रास अल खोरला हिवाळ्यात ते मोठ्या संख्येनं येतात, लपून बघायला लाकडी आडोसे आहेत आणि पैसे लागत नाहीत. सात वर्षं त्या शहरात राहून मला ते माहीत नव्हतं. तुम्ही जानेवारीत जाताय, जरूर जा. टॅक्सीत पेशावरकडचा पठाण भेटला तर आपली बेळगावी हिंदी बिनधास्त चालवा, त्याला ती आवडते. त्यालाही विचारा किती वर्षं झाली, मुलं किती. तोही त्या शहरातला परदेशीच.

जानेवारीत जाताय म्हणजे संक्रांत तिथं होईल. काकूंसाठी याहून चांगली वेळ नाही. मावसबहीण त्यांना हळदीकुंकवाला नेईल आणि एका संध्याकाळी पाच-सहा घरं आतून बघून होतील. बाल्कनीत तुळस कुठं ठेवलीय, एका बेडरूममध्ये चार माणसं कशी निजतात, सासूबाई आल्या की हॉलमध्ये पडदा कसा लावतात, सगळं. दुबई समजायला मला हा सगळ्यात मोठा धडा वाटतो आणि तो पुरुषांना मिळत नाही. कन्नड शेजारीण असेल तर एळ्ळु-बेल्ल हातावर पडेल, आपला तीळगूळ द्या.

आता खाऊची गोष्ट, आणि हे अगदी मन लावून वाचा. तुम्ही निघणार म्हटल्यावर गल्लीतून, नात्यातून डबे यायला लागतील. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे तिथं चालत नाही. आपल्या पिशवीत खसखस कुठं कुठं असते बघा: अनारशांवर, मांड्यांच्या सारणात, पुष्कळ घरच्या कांदा-लसूण मसाल्यात, काही ठिकाणच्या करदंट नावाच्या सुकामेव्याच्या मिठाईत. माझ्या एका पाहुण्यांच्या बॅगेतून घरच्या मसाल्याची पुडी निघाली आणि विमानतळावर चार तास गेले. नशीब म्हणून तेवढ्यावर भागलं. विड्याची पानं, गुटखा नेऊ नका. निपाणीकडून कुणी तंबाखूची पुडी 'पोराला द्या' म्हणून देईल, तीही नको. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल, दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल असेल, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर ठेवा. आणि बांधलेला डबा कुणाचाही नेऊ नका, सख्ख्या भावाचाही. 'माझ्यासमोर उघडून भरा' असं म्हणायला संकोच वाटतो, पण म्हणा. परत येताना तिकडच्या कुणी 'एवढी साखळी आईला द्या' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. सोन्याच्या दागिन्यांची शुल्कमाफी वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून परतणाऱ्यांना आहे, दहा दिवसांच्या पाहुण्याला नाही.

मग न्यायचं काय? तिथं ज्वारीच्या पिठापासून मेतकुटापर्यंत सगळं मिळतं. कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई, नेला तर खराब व्हायच्या आत त्यांच्या हातात पोचवा. पण मी सांगते, माझ्याकडं आलेल्यातलं सगळ्यात आवडलेलं काय होतं? एका बाईंनी येताना आमच्या अनगोळच्या घरी जाऊन, अंगणातल्या फणसाचा, आईच्या चुलीचा आणि गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाचा फोटो छापून आणला होता. तो अजून माझ्याकडं आहे. तिघांच्याही घरी जाऊन या, असा एकेक फोटो घेऊन जा.

पैशांचं. कुणी ओळखीचा मुलगा 'पाचशे दिरहम द्या, दिवसभर फिरवतो' म्हणाला तर नको. पैसे घेऊन शहर दाखवायला तिथं परवाना लागतो. आपल्या खासगी गाडीतून पैसे घेऊन माणसं नेणंही गुन्हा आहे. पकडला गेला तर त्याची नोकरी जाते, तुमची फक्त संध्याकाळ जाते. म्हणून नातेवाइकांच्या हातातही 'पेट्रोलचे' म्हणून नोटा कोंबू नका. त्यापेक्षा बहिणीच्या घरचा आठवड्याचा बाजार तुम्ही भरा. देरात समुद्रकिनारी मोठा मासळीबाजार आहे. आपली सुरमई तिथं 'कनाद' नावानं मिळते, हामूरही घ्या, तिथंच साफ करून देतात. मावसबहिणीच्या घरी रांधून घातलंत तर तिला जे मिळेल ते कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही.

फोटो काढताना जपा. अनोळखी माणसाचा, विशेषतः बायकांचा, परवानगीशिवाय काढलेला फोटो तिथं गुन्हा ठरतो. सरकारी इमारतींचाही काढू नका. अडचण आली तर पोलीस ९९९, अॅम्ब्युलन्स ९९८. जानेवारीत रात्री गारवा असतो, स्वेटर असू द्या. अबुधाबीचं मंदिर बघायचं असेल तर आधी नोंदणी करा. अल घुबैबाहून ई-१०० बस अबुधाबी शहरात जाते, पुढं मंदिरापर्यंत कसं जायचं ते विचारून घ्या, पण इंजिनिअरला गाडी काढायला लावू नका. गुलाबी वालुकाश्मातलं ते मंदिर २०२४ च्या फेब्रुवारीत उघडलं आणि त्याची सात शिखरं म्हणजे त्या देशातली सात राज्यं, सात अमिराती. बर दुबईच्या बोळातलं जुनं शिवमंदिर मात्र आता तिथं नाही, जेबेल अलीच्या नव्या मंदिरात हलवलं आहे. माझ्यासारख्या जुन्या लोकांना त्या बोळातून जाताना अजून हुरहुर लागते.

तुमच्या विद्यार्थ्याबद्दल शेवटी लिहिते, कारण त्यातच माझा जीव जास्त गुंतलाय. कामगारांच्या मोठ्या वस्तीला तिकडं सगळे सोनापूर म्हणतात. सरकारी नाव मुहैस्ना, पण कुणाला विचारलं तर कळणार नाही. तो तिथं असेल किंवा तसल्याच ठिकाणी. त्याला भेटायला कॅम्पावर अचानक जाऊ नका. त्याला सुट्टी कधी ते विचारा, बहुधा रविवार असेल, आणि तो म्हणेल तिथं तुम्ही जा. तो देरात बोलावेल. नवे कपडे घालून येईल, केसांचा भांग पाडून. तुम्हाला मॉलमध्ये न्यायला बघेल, कारण त्याला वाटतं सरांना तेच दाखवायला हवं. तुम्ही म्हणा, 'तू रविवारी काय करतोस ते दाखव.' मग तो तुम्हाला पैसे पाठवायच्या रांगेत नेईल, एखाद्या बाकावर नेईल जिथं नंदगड-हलशीकडची चार पोरं जमतात, आणि दुधात आटवलेला करक चहा पाजेल. त्या चहाचे पैसे त्याला देऊ द्या. एक-दोन दिरहमचा असतो, पण द्यायचा मान त्याचा. जेवणाचे तुम्ही द्या. पगार किती, हे पोरांसमोर विचारू नका. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा कायदा आहे. तो पाळतात का, सावली मिळते का, पाणी मिळतं का, हे विचारा. तो शाळेत उत्तर द्यायचा तसं नीट सांगेल. काही अडचण असल्याचं जाणवलं, पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलाय असं काही, तर त्याला दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या मदत केंद्राचा रस्ता दाखवा. असे प्रश्न ती माणसं रोज हाताळतात. तुम्ही स्वतः मालकाला फोन करू नका, त्याचा त्रास मुलालाच होतो.

परत आल्यावर, बॅगा सोडायच्या आधी म्हणा हवं तर, नंदगडला जाऊन या. फोनवर तो आईला रोज 'मी बरा आहे' सांगत असेलच. तिला तुमच्याकडून दुसरं ऐकायचं असतं. तो कुठल्या बाकावर बसतो, त्याच्याबरोबर कोण असतं, वजन उतरलंय का. चहा कसा होता तेही ती विचारेल.